साडेनऊची नोंद

दवाखान्याच्या दारावर डॉक्टरांचं नाव वीतभर होतं आणि आतली नियमांची पाटी हातभर. ती पाटी थोरलीच्या अक्षरातली. ती सासरची थोरली सून, म्हणून घरात सगळे तिला थोरली म्हणत. दवाखान्यात पेशंट तिला मोठ्या बाई म्हणायचे, पण तेही नंतर, धाकटी आल्यावर. त्याआधी तेवीस वर्षं ती नुसती बाई होती. दवाखान्यात बाई म्हटलं की एकच बाई.

जुन्या डॉक्टरांनी तिला कामावर ठेवलं तेव्हा एवढंच सांगितलं होतं, की नंबर द्या आणि गोंगाट होऊ देऊ नका. नियम तिनं एकेक करून घडवले. एक बाई एका नंबरवर स्वतः, दोन मुलं आणि शेजारीण अशी चौघं घेऊन आत गेली आणि पाऊण तासानं बाहेर आली, त्या दिवशी पहिला नियम लिहिला गेला: एका अपॉइंटमेंटमध्ये एकच पेशंट तपासला जाईल. एका गृहस्थानं बायकोचा रिपोर्ट बायकोच्या आधी वाचला आणि तिला न सांगता घरभर सांगितला, त्यावरून दुसरा: रिपोर्ट ज्याचा त्यालाच मिळेल. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर नंबर शेवटी. जुनी औषधं पुन्हा हवी असतील तर आदल्या दिवशी सांगावं. तापलेलं लहान मूल आधी, त्यावर कुणी कुरकुर करू नये. असे एकूण चौदा. चौदावा होता, 'मला फक्त एकच मिनिट हवं आहे असे सांगू नये.' तो वाचून नवे पेशंट हसत. जुने हसत नसत, कारण ते सांगून बघून झालेलं असायचं.

ती कडक होती, पण सगळ्यांशी सारखीच कडक. नगरसेवक आला तरी बाकावर बसायचा आणि त्याचा ड्रायव्हर आला तरी. स्वतःच्या नवऱ्यालाही तिनं कधी मधे घुसवलं नव्हतं. तो इलेक्ट्रिशियन होता. एकदा हाताला चटका बसला म्हणून आला, तर तिनं त्याला विचारलं, "फोड आलाय का?" तो म्हणाला, "अजून नाही." "मग बसा." तो बसला. पुढे कितीतरी वर्षं तो ही गोष्ट कौतुकानं सांगायचा.

जुने डॉक्टर थकले आणि त्यांची मुलगी खुर्चीवर बसली. तिला सगळे मॅडम म्हणू लागले. थोरलीनंही लगेच मॅडम म्हणायला सुरुवात केली, पण मनातून तिला गंमत वाटायची. हीच मॅडम शाळेतून येऊन शेवटच्या बाकावर गृहपाठ करायची आणि थोरली तिच्या पेन्सिलींना टोक काढून द्यायची. दवाखाना आपण वाढवला, आणि मॅडमलाही थोडंफार आपणच, असं तिला वाटे. ती हे कुणाला बोलून दाखवत नसे. बोलायची गरजही पडली नव्हती.

मग धाकटी आली. धाकटी म्हणजे तिची जाऊ, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. घर एकच, दोन मजल्यांचं. खाली थोरली आणि नवरा, वर धाकटी, तिचा नवरा, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. धाकट्या दिराच्या कारखान्यात कामाचे दिवस कमी झाले, तेव्हा सासूबाई थोरलीला म्हणाल्या, "तुझ्या दवाखान्यात लाव की हिला. तुझा शब्द कोण मोडणार आहे तिथे?"

'तुझ्या दवाखान्यात' हे ऐकायला बरं वाटलं. थोरलीनं मॅडमकडे शब्द टाकला. दवाखान्यात कॉम्प्युटर आलाच होता आणि थोरलीचं त्याच्याशी फारसं जमत नव्हतं. ती रजिस्टरात लिही आणि मग एकेक अक्षर शोधत कॉम्प्युटरमध्ये घाली. धाकटीची बोटं मात्र त्यावर भराभर चालत. मॅडमनी तिला दुसऱ्याच दिवशी बोलावलं.

पहिले दोन महिने थोरली खूश होती. शिकवण्यात मजा असते. कुठली फाइल कुठे, कुठला पेशंट खरं बोलतो, कोण गोळ्या न घेताच घेतल्या म्हणतो, सगळं तिनं सांगितलं. धाकटी ऐकून घ्यायची. "ताई, तुम्हाला हे सगळं लक्षात कसं राहतं?" असं म्हणायची, आणि खरंच आश्चर्य वाटून म्हणायची.

तिसऱ्या महिन्यात धाकटीनं मॅडमना विचारून एक नवीन पद्धत सुरू केली. दुसऱ्या दिवशीच्या पेशंटना आदल्या संध्याकाळी फोन करायचा. "काका, उद्या सव्वादहाला यायचंय बरं का, जुनी चिठ्ठी घेऊन या." एवढंच. नंबर घेऊन न येणारे निम्म्यावर आले. मग तिनं रोज सकाळी दोन जागा मोकळ्या ठेवायला सुरुवात केली, साडेनऊची आणि साडेअकराची, अचानक बिघडलेल्यांसाठी. थोरली म्हणाली, "मोकळी जागा म्हणजे भांडणाला आमंत्रण." तसं काही झालं नाही. भांडणं उलट कमी झाली. एका दुपारी मॅडम दोघींच्या समोर म्हणाल्या, "हे आधी का नाही सुचलं कुणाला?"

मॅडम सहज बोलून गेल्या. पण ते 'कुणाला' थोरलीच्या जिव्हारी लागलं. तेवीस वर्षं तिथे दुसरं कुणी नव्हतंच. कुणाला म्हणजे तिलाच.

तेव्हापासून तिचं लक्ष उडालं. पेशंट आत यायचे, काउंटरकडे बघायचे आणि विचारायचे, "छोट्या बाई नाहीत का आज?" धाकटी मुलीला शाळेत सोडून दहाला यायची, त्यामुळे साडेआठ ते दहा हा प्रश्न थोरलीलाच झेलावा लागे. ती म्हणायची, "मी आहे ना." ते म्हणायचे, "हो हो, तुम्ही आहातच." मग बाकावर बसून दाराकडे बघत राहायचे. रजिस्टरच्या शेवटच्या पानावर ती पेन्सिलीनं रेघा मारू लागली. छोट्या बाईंची चौकशी एकानं केली की एक रेघ. एका सोमवारी अकरा रेघा झाल्या. आपण हे काय करतोय, असं तिला वाटलं, आणि तिनं बाराव्या रेघेसाठी पेन्सिलीला टोक काढून ठेवलं.

घरी तर सुटकाच नव्हती. जिन्यातून वरचं हसणं खाली यायचं. सासूबाई भाजी निवडताना धाकटीच्या दवाखान्यातल्या गोष्टी ऐकायच्या. त्याच गोष्टी थोरलीनं वीस वर्षं सांगितल्या होत्या, तेव्हा त्यांना डुलकी लागायची. धाकटीला जराशी शिंक आली तरी सासूबाई काढा करायला उठायच्या. थोरलीचे वडील गेले तेव्हा ती चौथ्या दिवशी कामावर हजर झाली होती, आणि सासूबाई सगळ्यांना अभिमानानं सांगत होत्या, "आमची थोरली खंबीर आहे हो. तिला काही लागत नाही." तेव्हा तिला ते कौतुक वाटलं होतं. आता कळत होतं, की त्या एका वाक्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवायचं काम सगळ्यांचं वाचलं होतं.

"तुझं काही बिनसलंय का?" नवऱ्यानं एकदा विचारलं.

"काही नाही. पाय दुखतात."

"मग छोट्या बाईंना सांग ना, साडेनऊची जागा देतील," तो म्हणाला. त्यानं चेष्टाच केली होती. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि त्याला शेवटपर्यंत कळलं नाही का.

दवाखान्याच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारा शिंपी राहायचा. बायको गेलेली, मुलगी परगावी. सगळे त्याला शिंपीकाका म्हणत. त्याच्या हृदयाची झडप बदललेली होती आणि रक्त पातळ ठेवायची गोळी त्याला रोज घ्यावी लागे. दर महिन्याला रक्त तपासायचं, रिपोर्ट बघून मॅडम गोळी कमी-जास्त करायच्या. माणूस असा, की बाकावर बसला तर बाकालाही कळू नये. थोरलीचा कामावरचा पांढरा कोट त्यानंच शिवलेला होता.

एका मंगळवारी संध्याकाळी लॅबमधून फोन आला. थोरली नुकतीच घरी गेली होती, धाकटी एकटी काउंटरवर होती. शिंपीकाकांचं रक्त हवं त्यापेक्षा बरंच पातळ झालं होतं. मॅडम कुणाला तरी घरी तपासायला गेल्या होत्या. धाकटीनं त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "आजची गोळी घेऊ नका म्हणावं, आणि उद्या सकाळी साडेनऊला मला दाखवायलाच हवेत. पुढचं मी बघून सांगते." धाकटीनं काकांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. नोंद करायला गेली तर कॉम्प्युटर अडकून बसलेला, आणि रजिस्टर थोरलीच्या कपाटात कुलपात. तेव्हा तिनं एका कागदावर ठळक लिहिलं, 'ताई, शिंपीकाका ९.३०, नक्की. मॅडमनी सांगितलंय,' आणि तो कागद स्क्रीनच्या मधोमध चिकटवला. सकाळी दार थोरलीच उघडणार होती.

बुधवारी साडेआठला थोरलीनं दार उघडलं, दिवा लावला, आणि पहिल्यांदा दिसली ती ती चिठ्ठी. तिनं ती दोनदा वाचली. 'नक्की' या शब्दाखाली रेघ होती. आपल्याला हुकूम सोडलाय असं तिला वाटलं. मॅडमनी सांगितलंय. मॅडम आता जे सांगायचं ते हिलाच सांगतात.

तिनं कागद स्क्रीनवरून काढला. नोंद करणारच होती. कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, पेन उघडलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे एक बाई होती. घशात खवखवतंय, सकाळची जागा आहे का?

थोरली समोरच्या कोऱ्या ओळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "साडेनऊला या."

तिनं त्या बाईचं नाव साडेनऊच्या पुढे लिहिलं आणि चिठ्ठीची घडी करून कोटाच्या खिशात टाकली. तिला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. एवढंच व्हायला हवं होतं, की काका येतील, नोंद सापडणार नाही, आणि मॅडम धाकटीला विचारतील, नोंद कुठे आहे. एकदाच. एकदा तरी त्या पोरीच्या हातून काहीतरी चुकलेलं सगळ्यांना दिसू दे.

नऊ पंचवीसला शिंपीकाका आले. घरून चालत आलेले, धाप लागलेली.

"तुमचं नाव नाही आज," थोरली म्हणाली.

"छोट्या बाईंचा फोन होता काल. साडेनऊ म्हणाल्या."

"त्यांनी नोंद केली नसेल. जागा दुसऱ्यांना गेली. परवा साडेअकराला लिहू का?"

काका काउंटरला टेकले. रुमालानं ओठ पुसले. "काही घाईचं आहे का, ते त्या म्हणाल्या नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही परवा म्हणता म्हणजे नसेल. लिहा."

तिनं लिहिलं. ते गेले. त्यांनी जरासा वाद घातला असता तर तिनं त्यांना आत सोडलं असतं. हे ती पुढे स्वतःला अनेकदा सांगत राहिली, आणि प्रत्येक वेळी तिला ते कमी कमी खरं वाटलं.

दहाला धाकटी आली. गर्दी होती, दोन तापलेली मुलं होती, एकाला बाकावरच उलटी झाली. अकरा वाजून गेल्यावर तिला श्वास घ्यायला सवड मिळाली.

"ताई, शिंपीकाकांना काय सांगितलं मॅडमनी?"

"ते आत गेलेच नाहीत. नोंद नव्हती."

"अहो, मी चिठ्ठी लावली होती. स्क्रीनला. मधोमध."

"मला नाही दिसली," थोरली म्हणाली.

धाकटीचा चेहरा उतरला. तिनं टेबलाखाली बघितलं, कॉम्प्युटर सरकवून मागे बघितलं. मग गुडघ्यांवर बसून तिनं कचऱ्याचा डबा पुढे ओढला आणि त्यात हात घालून कागद उलगडू लागली. थोरली रजिस्टरात डोकं घालून बसली. चिठ्ठी तिच्या खिशात होती, शिंपीकाकांनीच शिवलेल्या खिशात.

धाकटी उठून थेट मॅडमच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं मॅडम स्वतः बाहेर आल्या. काकांचा मोबाइल नुसताच वाजत होता.

"बाई, त्यांचं घर तुम्हाला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही जा. मिळतील तिथून घेऊन या. कुठे पडले-धडपडले असतील तर मला आधी फोन करा."

मॅडमचा आवाज ऐकून थोरलीला पहिल्यांदा भीती वाटली. दोन दिवसांनी बघितलं तरी चालेल असलं हे दुखणं नव्हतं. ती त्या गल्लीतून पळाली नाही एवढंच. दार उघडंच होतं. काका शिवणयंत्रासमोरच्या स्टुलावर मान पुढे करून बसले होते. नाकाला कापडाच्या चिंध्या लावलेल्या आणि पायाशी तशाच लाल झालेल्या चिंध्यांचा ढीग.

"थांबतच नाही हो," ते म्हणाले. "तासभर झाला."

"गोळी घेतलीत का?"

"काल राहिली होती ना. म्हणून आज दोन घेतल्या. तुम्ही परवा या म्हणालात, म्हटलं, रिपोर्ट बराच असणार."

तिनं लगेच मॅडमना फोन लावला. गाडी आली, मॅडमनी सांगितलेल्या हॉस्पिटलात ती काकांना घेऊन गेली, सगळ्या वाटेत त्यांच्या नाकपुड्या चिमटीत धरून. तिथे त्यांना रक्त गोठायचं इंजेक्शन दिलं, नाकात बोळा भरला आणि ठेवून घेतलं. तिथला डॉक्टर म्हणाला, वेळेत आणलंत, डोक्यात रक्तस्राव झाला असता तर काही खरं नव्हतं. थोरलीनं मान हलवली. वेळेत आणलंत, हे शब्द तिला कोटावरच्या डागांपेक्षा जास्त टोचले.

दवाखान्यात मॅडमनी धाकटीला समोर बसवून सुनावलं. आवाज न चढवता, पण सुनावलं. "चिठ्ठीवर सोडायची गोष्ट होती का ही? सकाळी एक फोन करून खात्री नाही करता येत?" धाकटी म्हणाली, "चुकलंच माझं." अपॉइंटमेंटचं काम मॅडमनी पुन्हा थोरलीकडे दिलं. संध्याकाळचे फोन, मोकळ्या जागा, सगळं तिच्या हातात आलं.

तिला हवं होतं ते सगळं मिळालं. तीन दिवस ती रोज जागेवर बसून नंबर देत होती. कुणी छोट्या बाईंना विचारलं तर म्हणायची, त्या फाइलींच्या खोलीत आहेत. रेघा मारायची गरज उरली नव्हती. जेवणाचा डबा मात्र ती रोज तसाच घरी परत नेत होती.

रविवारी ती काही द्यायला वर गेली. धाकटी सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि सासूबाई तिच्या केसांतून हात फिरवत होत्या. "चुका माणसाकडूनच होतात गं. किती रडशील?" दीर कोपऱ्यात बसून मुलीच्या वह्यांना कव्हरं घालत होता, आवाज होणार नाही अशा बेतानं. सगळं घर त्या पोरीभोवती पंखासारखं पसरलं होतं.

थोरली दारातच थांबली. अपराध तिचा होता, आणि त्याची माया मिळत होती धाकटीला. अंगाचा जो तिळपापड झाला, तो अपराधाच्या जाणिवेनं नव्हे. हे मान्य करायला तिला पुढे फार दिवस लागले. त्या घटकेला तिला एवढंच वाटलं, की ही चूकसुद्धा हिनं माझ्याकडून नेली.

"ये गं," सासूबाई म्हणाल्या. "तू सांग हिला दोन शब्द. तुझ्या हातून कधी काही चुकत नाही, तुझं पटेल तिला."

थोरली हातातलं भांडं तिथेच ठेवून खाली आली.

सोमवारी पेशंटना आत घ्यायच्या आधी ती मॅडमच्या खोलीत गेली आणि घडी केलेली चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"ही मला दिसली होती," ती म्हणाली. "वाचली होती. मुद्दाम लिहिलं नाही."

मॅडमनी घडी उलगडली, वाचली, पुन्हा तशीच घातली. "का?"

"मला बघवत नव्हतं, मॅडम."

"काय बघवत नव्हतं?"

"लोक तिला विचारतात ते. तुम्ही तिला सांगता ते." एवढं बोलल्यावर तिला वाटलं, किती लहानसं आहे हे. इतके महिने ते केवढं मोठं होतं.

मॅडमनी चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाल्या, "लहानपणी मला तुमची भीती वाटायची. बाबा म्हणायचे, बाईंच्या रजिस्टरात आहे तेच खरं. आता मी कशावर विश्वास ठेवू ते सांगा." त्यांनी चिठ्ठी खणात ठेवली. "दोन आठवडे येऊ नका. तुम्हाला ठेवायचं की नाही, ते मी नंतर ठरवीन. पण आज संध्याकाळच्या आत दोन माणसांना तुमच्या तोंडानं सांगून या. मी सांगणार नाही."

आधी ती हॉस्पिटलात गेली. काका उशीला टेकून बसले होते, दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. ते ऐकत होते, चादरीची उसवलेली शिवण बोटानं चाचपत.

"इतकी वर्षं तुम्ही मला कधी मधे सोडलं नाहीत," ते शेवटी म्हणाले. "मी लोकांना सांगायचो, बाई कडक आहेत, पण त्यांच्या मनात कुणाचं वाकडं नाही. आता काय सांगू?"

"काय वाटेल ते सांगा."

"छे. सांगायला कशाला जातोय," ते म्हणाले, आणि भिंतीकडे वळले.

धाकटी वरच्या स्वयंपाकघरात एकटीच कांदा चिरत होती. ऐकता ऐकता तिची सुरी थांबली.

"चिठ्ठी तुमच्या खिशात होती?"

"हो."

"मी कचऱ्याच्या डब्यात हात घालून शोधत होते, तेव्हाही?"

"हो."

"आणि तुम्ही बघत होतात."

धाकटीनं सुरी खाली ठेवली, हात धुतले, पुसले. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं होतं की कसलं, ते कळत नव्हतं.

"तुम्ही मला तोंडावर बोलला असतात ना ताई, की मला तू नको आहेस इथे, तर मी दुसरीकडे बघितलं असतं. मला नोकरी हवी होती, तुमची जागा नको होती." मग ती म्हणाली, "खाली जा आता."

थोरलीला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत घरभर होईल. दार वाजायची ती वाट बघत राहिली. नवऱ्याला तिनंच सांगितलं. तो उठून पाणी घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवून बाहेर गेला. पण वरून कुणी आलं नाही. दोन दिवसांनी सासूबाई भेटल्या, तर म्हणाल्या, "दोन आठवडे रजा घेतलीस म्हणे. बरं केलंस, पायांना आराम." म्हणजे धाकटीनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. त्या रजेत थोरलीला सगळ्यात जास्त कशानं जाळलं असेल तर या मोठेपणानं. तो तिला फेकून द्यावासा वाटला. शेवटी तिनं वर जाऊन सासूबाईंना स्वतःच सांगून टाकलं. त्यांनी हातातली जपमाळ खाली ठेवली. "तुला काही लागत नाही असं आम्ही धरून चाललो," एवढंच म्हणाल्या.

मॅडमनी तिला ठेवलं. काउंटर धाकटीकडे गेला, थोरलीकडे फाइली, रिपोर्ट आणि औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्या चिकटवणं बंद झालं. आलेला निरोप ज्यानं घेतला त्यानं तिथल्या तिथे लिहायचा, आणि रोज दहा वाजता दोघींनी समोरासमोर बसून दिवसाची यादी एकमेकींना वाचून दाखवायची, अशी पद्धत मॅडमनी लावली. एकीनं वाचायचं, दुसरीनं 'ऐकलं' म्हणायचं.

घरात दोघी बोलत नव्हत्या. जिन्यात समोर आल्या तर एक भिंतीला लागून उभी राहायची. पण रोज दहाला वाचायलाच लागे.

"सव्वादहा, सुतारकाकू, पाठ."

"ऐकलं."

"साडेदहा, बेकरीवाले, साखर तपासून आलेत."

"ऐकलं. त्यांचा रिपोर्ट माझ्याकडे आलाय."

दोन महिने असेच गेले. शिंपीकाका महिन्याच्या महिन्याला येत होते. थोरलीला नमस्कार करत, काउंटरवर धाकटीशी दोन शब्द बोलत. थोरलीनं नवा कोट शिवायला टाकला तेव्हा त्यांनी माप घेतलं, दिलेल्या दिवशी दिला. पूर्वीसारखं 'बाई, खिसा मोठा करू का' असं मात्र विचारलं नाही.

मग यादी वाचताना हळूहळू एखादं जादाचं वाक्य येऊ लागलं. सुतारकाकूंना पुढच्या खुर्चीवर बसवू नका, उठता येत नाही. बेकरीवाले साखर लपवतात, त्यांच्या मुलीला विचारा. थोरली अशा गोष्टी सांगायची आणि धाकटी कडेला लिहून घ्यायची. एके सकाळी सहा-सात नावं झाली आणि धाकटी वाचता वाचता थांबली. मान वर न करता तिनं विचारलं, "ताई, खरं सांगाल?"

"विचार."

"अजून जळता माझ्यावर?"

बाकावर तीन माणसं बसली होती, त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती बोलली होती. थोरलीला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर ते चांगलंही दिसलं असतं.

"जळते," ती म्हणाली. "आज सकाळी चौघांनी तुला विचारलं. मी बोटांवर मोजते अजून."

धाकटीनं पानावर बघत ओठ दाबले. हसू दाबलं की राग, ते थोरलीला समजलं नाही.

"बरं," धाकटी म्हणाली, आणि पुढचं नाव वाचलं. "पावणेबारा. पोस्टमनची आई. पायाला सूज."

"ऐकलं," थोरली म्हणाली, आणि तिची फाइल काढायला उठली.